चौदाशे वाजताचा कॉल

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात पोस्टिंगचा आदेश आला. सहा आठवडे, उत्तर ध्रुववृत्ताच्या वर, गोठलेल्या समुद्रावर तंबूंचा कॅम्प. मी तेव्हा कॅनडाच्या सेनेत सार्जंट होते, सिग्नल्समध्ये. सिग्नल्स म्हणजे रेडिओ. कोण कुणाशी कधी आणि कसं बोलेल, हे बघणं माझं काम. अकरा वर्षं तेच केलं.

निघण्याच्या आदल्या दिवशी आईचा रेजिनाहून फोन आला. "तिथे वॉशरूम तरी आहे का गं?"

"आहे. बादली."

"बाबा विचारतायत, लढाई आहे का?"

"नाही गं. एक्सरसाइज आहे. सराव."

"मग ठीक," आई म्हणाली. सरावात माणसं मरत नाहीत, असं तिला वाटायचं. मलाही वाटायचं.

आता मी सेना सोडली आहे आणि कॅनडातच, व्हिटबीत राहते. इथल्या मराठी मंडळाचे जोशीकाका स्मरणिकेसाठी मागे लागले. "महासत्तांची वैचारिक चढाओढ आणि त्यातून लष्करी गट कसे तयार होतात, यावर सोप्या भाषेत लिही. मुलांना शाळेत प्रोजेक्ट असतात. आपण नकाशा टाकू. एका बाजूचे देश निळे, दुसऱ्या बाजूचे लाल." मी म्हटलं, नकाशा तुम्ही टाका काका, मी जे पाहिलं ते लिहिते. ते सोपं आहे. वाचायला बरं वाटेल याची हमी नाही.

कॅम्पवर पहिल्याच दिवशी ब्रीफिंग झालं. तंबूत नऊ देशांचे अधिकारी, नऊ प्रकारचे पार्का म्हणजे टोपीवाले जाड कोट, आणि पुढे एक कर्नल. पडद्यावर तोच नकाशा, निळा आणि लाल. कर्नल म्हणाले, समोरच्या दोन महासत्ता काल-परवापर्यंत एकमेकींकडे संशयानं बघत होत्या. आता त्या एकत्र गस्त घालतात, त्यांची विमानं एकत्र उडतात. कारण त्यांना आपली भीती वाटते. आपण नवे देश आपल्या युतीत घेतले, कारण आपल्याला त्यांची भीती वाटते. हे शेवटचं वाक्य कर्नलांनी असं म्हटलं नाही. त्यांनी "मूल्यं" हा शब्द वापरला, चार वेळा. भीती मी म्हणते आहे.

गट असे तयार होतात. एक बाजू सराव करते, दुसरी त्याहून मोठा सराव करते. हे आपल्या लोकशाहीचं नाव घेतात, ते आपल्या व्यवस्थेचं. सुरुवात समोरच्यांनी केली आणि आपण फक्त प्रत्युत्तर देतोय, अशी दोन्ही बाजूंची मनापासून खात्री असते. मग कुंपणावर बसलेल्या लहान देशांना विचारलं जातं, तुम्ही कुणाचे? जो उत्तर देत नाही त्याच्याबद्दल दोघांनाही संशय.

त्या ब्रीफिंगला सगळ्यात मागे लाल हुडी घातलेला एक माणूस खोक्यावर बसून चहा पीत होता. तो एलायजा. उत्तरेत गावोगावच्या स्थानिक लोकांतून राखीव सैनिक घेतात, त्यांना रेंजर म्हणतात. लाल हुडी हाच त्यांचा गणवेश. एलायजा इनुइट, म्हणजे तिथल्या मूळ रहिवाशांपैकी होता, वय अठ्ठावन्न, रँक माझीच, सार्जंट. त्याचं गाव कॅम्पपासून चाळीस किलोमीटरवर. बर्फ कुठे जाड, कुठे पातळ, तंबू कुठे लावायचा आणि अस्वल आलं तर काय करायचं, हे तो ठरवायचा. नऊ देश त्याच्या मागून चालायचे.

ब्रीफिंगनंतर मी विचारलं, "कसं वाटलं?"

"माझ्या वडिलांनी असंच ऐकलं होतं," तो म्हणाला. "तेव्हाही दोन बाजू होत्या. इथे रडार बांधलं, वडिलांनी इंधनाचे ड्रम वाहिले. मग एक दिवस सगळे घरी गेले. ड्रम अजून किनाऱ्यावर गंजत पडलेत."

तो हे हसत म्हणाला. मला हसू आलं नाही.

रोजचा दिवस असा. सहाला उठणं, स्टोव्ह पेटवणं, प्यायच्या पाण्यासाठी बर्फ फोडणं. साडेसहाला रेडिओ चेक. तापमान उणे तीसच्या आसपास. बॅटरी थंडीनं मरतात, म्हणून त्या कोटाच्या आत पोटाशी धरून फिरायचं. कॅम्पबाहेर गेलेल्या प्रत्येकानं दर दोन तासांनी, सम तासाला, कॉल द्यायचा: आठ, दहा, बारा, चौदाशे, सोळाशे. लष्करात दुपारच्या दोनला चौदाशे म्हणतात. बाहेरचा माणूस विचारतो, "ऐकू येतंय?" आपण सांगायचं, "ऐकू येतंय." बस, एवढंच.

पहिल्याच आठवड्यात माझी एक बॅटरी गोठली. सोळाशेचा कॉल चुकला. दुसरी बॅटरी जोडेपर्यंत माझा अर्धा तास गेला आणि पुढचा पाऊण तास मी एलायजाला हाका मारत होते, पण तो मधल्या टेकडीच्या आड होता. साडेपाचला त्याची स्नोमोबील, म्हणजे बर्फावर चालणारं मशीन, तंबूपुढे येऊन थांबली. मागे स्लेज, स्लेजवर थर्मास, दोर, कोरडे हातमोजे. बावीस किलोमीटर मागे आला होता.

"कशाला आलास?" मी म्हटलं. "बॅटरी गेली होती फक्त."

"मला कुठे माहीत होतं? इथे असंच असतं. हाक मारली आणि उत्तर आलं नाही, तर समोरचा अडचणीत आहे. मग जायचं."

"आणि तो अडचणीत नसला तर?"

"मग चहा प्यायचा." त्यानं थर्मास उघडला.

हा त्यांचा नियम. कुणी लिहिलेला नाही, कुणी सही केलेली नाही. त्यांच्या गावात शिकारीला गेलेल्या माणसासाठी घरोघरी रेडिओ चालू ठेवतात. मी तो नियम माझ्या वहीत लिहून घेतला, वर मेजरनाही सांगितला. आमचे मेजर क्यूबेकचे, सज्जन माणूस. "बॉन," ते म्हणाले. "चांगला नियम आहे." आणि आम्ही तिघंही तो विसरलो नाही. हे मुद्दाम सांगते, कारण पुढे जे झालं ते विसरल्यामुळे झालेलं नाही.

चौथ्या आठवड्यातला गुरुवार. आकाश स्वच्छ, उणे अठ्ठावीस. एलायजा सकाळी नऊला पुढचा मार्ग तपासायला निघाला. सोबतच्या रेंजरची दाढ सुजली होती, तो गावात परत गेला होता. एकट्याला सोडायला मी तयार नव्हते.

"चाळीस वर्षं एकटा शिकारीला जातोय," एलायजा म्हणाला.

"कॉल चुकवायचा नाही."

"तू चुकवू नकोस," तो म्हणाला.

दहाचा कॉल आला. बाराचा आला. "रेंजर वन. बर्फ चांगला आहे. बेटाला वळसा घालून परत येतोय. ओव्हर." बेट आणि कॅम्प यांच्यामध्ये एक सामुद्रधुनी होती. तिच्याखाली प्रवाह जोरात, त्यामुळे बर्फ दगाबाज. पहिल्या आठवड्यात एलायजानंच तिथे लाल झेंड्या रोवल्या होत्या. या बाजूला कुणीही पाऊल टाकायचं नाही. वळशाचा रस्ता दोन तासांचा, सामुद्रधुनीतून सरळ आलं तर पाऊण तासाचा.

तेराशे एकेचाळीसला सुरक्षित लाइनवर सरावाच्या मुख्यालयाचा संदेश आला. समोरच्या दोन महासत्तांची दोन मोठी विमानं, एकत्र, आपल्या हवाई हद्दीच्या दिशेनं. एमकॉन लागू. एमकॉन म्हणजे रेडिओबंदी: ऐकायचं, बोलायचं नाही. वाहनांची हालचालही बंद. विमानातली यंत्रं आपले रेडिओ पकडतात आणि कुठे काय आहे ते टिपतात, म्हणून ही खबरदारी.

मी लॉगमध्ये वेळ लिहिली आणि लगेच मेजरना म्हटलं, "सर, रेंजर वनचा चौदाशेला कॉल आहे. त्याला बंदीचं माहीत नाही."

"मुख्यालयाला सांगतो," मेजर म्हणाले आणि लाइनवर गेले.

चौदाशे.

"कॅम्प, कॅम्प, धिस इज रेंजर वन. रेडिओ चेक. ओव्हर."

आवाज स्वच्छ होता. माझा अंगठा बटणावर होता. दाबायचं आणि म्हणायचं, "रेंजर वन, लाउड अँड क्लिअर." दोन सेकंदं.

"सर?"

मेजरनी हात वर केला. लाइनवरून उत्तर आलं. "वेट. आउट." म्हणजे थांबा, नंतर सांगतो.

चौदाशे दोन. "कॅम्प, रेंजर वन. नथिंग हर्ड. ओव्हर."

"सर, फक्त दोनदा बटण दाबते. बोलत नाही. त्याला कळेल."

मेजरनी पुन्हा विचारलं. मुख्यालय म्हणालं, "निगेटिव्ह. मेंटेन." म्हणजे नाही, बंदी चालू ठेवा.

चौदाशे सहा. त्याच्या आवाजात घाई नव्हती, फक्त शब्द कमी झाले होते. "कॅम्प, रेंजर वन. नथिंग हर्ड. आय ॲम कमिंग टू यू. आउट."

तंबूत आम्ही चौघं होतो. मी म्हटलं, "सर, तो सामुद्रधुनीतून येईल."

"तुला कसं माहीत?"

"कॅम्प अडचणीत आहे असं त्याला वाटतंय. तो वळसा घालणार नाही."

मेजर तिसऱ्यांदा लाइनवर गेले. या वेळी ते ओरडले. त्यांना ओरडताना मी त्याआधी कधी ऐकलं नव्हतं. उत्तर तेच.

आता मी तुम्हाला विचारते. आम्ही कुणापासून काय लपवत होतो? सरावाची जागा वर्तमानपत्रात छापून आली होती. आमच्या तंबूंचे फोटो नऊ देशांच्या वेबसाइटवर होते, एका फोटोत तर माझा अँटेना होता. आठ दिवसांपूर्वी मंत्रीमहोदय येऊन त्याच बर्फावर कॅमेऱ्यासमोर हस्तांदोलन करून गेले. आम्ही तिथे आहोत हे समोरच्याला कळावं म्हणूनच तर आम्ही तिथे होतो! आणि ती विमानंही दिसावीत म्हणूनच उडत होती. दोन्ही बाजूंचा तमाशा एकमेकांसाठी होता. त्यात खरं काम करणारा एकच माणूस होता, आणि त्याच्याशी बोलायला बंदी होती.

चौदाशे तेवीसला संदेश आला. विमानं वळली, परत चालली.

मी हेडसेट उचलला. मेजर म्हणाले, "थांब. बंदी उठलेली नाही."

बंदी लावायला एका माणसाचा आदेश पुरतो. उठवायला नऊही देशांच्या प्रतिनिधींनी होकार द्यावा लागतो, असं सरावाच्या नियमात होतं. युतीत सगळे समान, म्हणून. आठ जणांनी पाच मिनिटांत होकार दिला. नवव्याला आपल्या राजधानीला विचारायचं होतं. तिथे तेव्हा संध्याकाळ झाली होती आणि ज्याला विचारायचं तो माणूस सापडत नव्हता. तो देश कोणता हे मी सांगणार नाही. त्या जागी कुठलाही असू शकला असता, आमचाही.

चौदाशे एक्कावन्नला बंदी उठली. विमानं वळून अठ्ठावीस मिनिटं झाली होती.

"रेंजर वन, रेंजर वन, धिस इज कॅम्प. ओव्हर."

एलायजा मशीन चालवतानाही कानात इअरपीस ठेवायचा. मी अकरा वेळा हाक मारली. अकरा हा आकडा लॉगमध्ये आहे.

चौदाशे अठ्ठावन्नला आमच्या दोन स्नोमोबील निघाल्या. मी मेजरना न विचारता दुसरीवर बसले, त्यांनी अडवलं नाही. सोळाशेच्या सुमारास त्याची खूण सापडली. त्यानंच रोवलेल्या लाल झेंड्यांमधून सरळ रेषेत गेलेली, आणि पुढे काळं पाणी. मशीन नव्हतं, तो नव्हता. स्लेज मात्र काठावर उभी होती. स्लेजचा दोर सुरीनं कापलेला होता. मशीन खाली जाताना त्यानं तेवढं केलं होतं.

मी स्लेजवरचं कापड काढलं. बचावाचा दोर, स्टोव्ह, प्रथमोपचाराची पेटी, कोरड्या हातमोज्यांचे चार जोड. थर्मास दोन. एकातला चहा अजून गरम होता.

ते सगळं सामान आमच्यासाठी होतं. बावीस वर्षांच्या मुलांपासून कर्नलपर्यंत आम्ही साठ जण तंबूत ठणठणीत बसलो होतो, आणि तो आम्हाला वाचवायला येत होता.

दुसऱ्या दिवशी गावच्या लोकांनी त्याला बाहेर काढलं. मशीनची जागा दाखवणारं यंत्र त्याच्या मार्गाची नकाशावर रेष काढत होतं. ती रेष चौदाशे एकतीसला थांबली होती. विमानं वळल्यानंतर आठ मिनिटांनी. त्या आठ मिनिटांत एक वाक्य बोलायला मिळालं असतं तर तो जागच्या जागी थांबला असता.

चौकशी झाली. अहवाल मला वाचायला दिला. "परदेशी विमानांच्या उपस्थितीत रेडिओबंदी लागू होती. सर्व प्रक्रिया पाळल्या गेल्या. रेंजरने निषिद्ध क्षेत्रात प्रवेश केला." प्रत्येक वाक्य खरं आहे. तळपायाची आग मस्तकात जाते ती यामुळेच. चौदाशे तेवीस ते चौदाशे एक्कावन्न ही वेळ त्यात कुठेच नव्हती. मी लेखी विनंती केली की ती घालावी. उत्तर आलं, मित्रदेशांच्या संबंधांच्या दृष्टीनं ते उचित नाही. सरावाच्या समारोपाच्या पत्रकात लिहिलं होतं की युतीची एकजूट सिद्ध झाली.

सिद्ध झाली होतीच. नऊच्या नऊ देश एकजुटीनं गप्प बसले.

आणि माझं काय? मेजर तीन वेळा लाइनवर गेले. मी काय केलं? अंगठा बटणावर होता आणि मी तो दाबला नाही. कुणी माझा हात धरला नव्हता. दाबला असता तर कोर्ट मार्शल झालं असतं, बाहीवरचे सार्जंटचे पट्टे गेले असते. फार तर एवढंच. लोक म्हणतात, "तू आदेश पाळलास." जोशीकाकाही म्हणाले, "अगं, शिस्त म्हणजे शिस्त." काका, शिस्त मला शिकवू नका. शिस्तीचा उपयोग माणूस परत आणायला असतो. त्या दिवशी मी तिच्या आड लपले, आणि याचा मला मुख्यालयाइतकाच राग आहे.

एलायजाची बायको नाओमी. गावात त्यांचं निळ्या दाराचं घर. अंत्यविधीनंतर मी तिच्याकडे गेले. स्वयंपाकघरात, फ्रीजवर, त्यांचा रेडिओ अजून चालू होता.

"तो तुला ऐकू येत होता?" तिनं विचारलं.

"हो."

"आणि तुम्ही सगळे ठीक होता?"

"हो."

"त्याला ते माहीत नव्हतं," ती म्हणाली. मग तिनं माझ्यापुढे चहा ठेवला. शिव्या दिल्या असत्या तर सोपं गेलं असतं.

पुढच्या वर्षी मी सेना सोडली. तेव्हापासून दर गुरुवारी, तिथल्या घड्याळात दोन वाजता, मी नाओमीला फोन करते. पहिल्या गुरुवारी तिनं विचारलं, "काय काम आहे?" मी म्हटलं, "काही नाही. ऐकू येतंय ना?" ती म्हणाली, "येतंय." आता आम्ही मुलांचं, हवेचं, तिच्या गुडघ्याचं बोलतो. कधी दोन मिनिटं, कधी तास.

गेल्या फेब्रुवारीत एका गुरुवारी तिनं फोन उचलला नाही. शुक्रवारी सकाळी नाही, दुपारी नाही. गावातले बाकीचे दोन नंबरही लागेनात. वादळ असेल, लाइन गेली असेल, हे मला कळत होतं. रेडिओच्या धंद्यात आयुष्य गेलं माझं. माझी मुलगी म्हणाली, "मॉम, इट्स प्रॉबब्ली जस्ट द स्टॉर्म."

"असेल," मी म्हटलं आणि बेसमेंटमधून जाड कोट काढला.

व्हिटबीहून तिथे पोचायला तीन विमानं लागतात. दुसऱ्या विमानाची वाट बघत असताना फोन वाजला. "वादळानं टॉवर पडला होता," नाओमी म्हणाली. "आत्ताच लागला. तू कुठे आहेस? मागे कसला आवाज आहे?"

"एअरपोर्टवर. तुझ्याकडे निघाले आहे."

ती म्हणाली, "मी ठीक आहे. परत जा."

"निम्म्यावर आलेय आता. चहा टाक."

शनिवारी दुपारी आम्ही दोघी टेकडीवर गेलो. तिथे पांढरे लाकडी क्रॉस आहेत, बर्फातून निम्मे वर आलेले. नाओमीनं हातमोज्यानं एकावरचा बर्फ झाडला. खाली किनाऱ्यावर त्याच्या वडिलांनी वाहिलेले ड्रम दिसत होते. दोन वाजता मी क्रॉससमोर उभी राहून सॅल्यूट केला आणि म्हटलं, "रेंजर वन, कॅम्प. लाउड अँड क्लिअर." नाओमीनं माझा दंड घट्ट धरून ठेवला.

जोशीकाका, तुमच्या नकाशात त्याचं गाव निळ्या रंगात येईल. येऊ दे. फक्त त्या ठिकाणी एक नाव छापा. युद्धात मेला नाही म्हणून ते कुठल्याच देशाच्या यादीत नाही. सार्जंट एलायजा, रेंजर. आम्ही उत्तर दिलं नाही, म्हणून तो आमच्याकडे यायला निघाला होता.